इपॅनेटमध्ये ११ मीटर दाब, पण शेवटच्या गल्लीत थेंब नाही: असं का होतं?

आधी प्रश्न थोडक्यात मांडतो. नगरपरिषदेच्या पाणीपुरवठा विभागातल्या एका अभियंत्याने विचारलंय: शहराची वस्ती ४० हजारांच्या आसपास. त्यातल्या एका टाकीच्या झोनमध्ये ६,००० लोक आणि १,२०० नळजोडण्या आहेत. टाकी ५ लाख लिटरची, १५ मीटर उंचीवर. टाकीपासून वस्तीपर्यंत २०० मिमीची डीआय (डक्टाइल आयर्न) लाईन ६०० मीटर, आणि पुढे सगळ्या वितरण वाहिन्या मिळून साधारण ८ किलोमीटर. पाणी रोज सकाळी २ तास सोडतात. इपॅनेटचं (पाणीवाहिन्यांच्या जाळ्याचं गणित करणाऱ्या सॉफ्टवेअरचं) मॉडेल शेवटच्या नोडला, म्हणजे जाळ्यातल्या शेवटच्या बिंदूला, ११ मीटर दाब दाखवतं, पण प्रत्यक्षात तिथे पाणीच पोचत नाही. सी (पाईप आतून किती गुळगुळीत ते सांगणारा गुणांक) कमी करत करत ६० च्या जवळ आणला, तेव्हा मुख्य लाईनवरच्या गेजशी आकडा जुळला, शेवटच्या गल्लीचा मात्र नाही. सहकाऱ्याच्या सल्ल्याने मागणी चौपट केली, तर दाब उणे ४० मीटर आला. आता कशावर विश्वास ठेवायचा?

पाईपच्या गणितात चूक नाही. तुम्ही मॉडेलला एक प्रश्न विचारताय आणि गाव दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर देतंय. नेहमीच्या पद्धतीत इपॅनेट असं धरून चालतं की प्रत्येक नोडवर तुम्ही लिहिलेली मागणी काहीही झालं तरी पूर्ण घेतली जाणार; मग दाब किती उरेल ते काढतं. गावात दिवसाला दोनच तास पाणी येतं तेव्हा मागणी कुणी लिहून ठेवलेली नसते. नळ उघडा असतो, आणि जितका दाब तितकं पाणी त्यातून येतं. म्हणून काढायचंय ते हे, की या टाकीतून, या पाईपमधून, दोन तासांत कुणाला किती लिटर मिळतं.

तुमचेच आकडे घेऊ. ६,००० माणसं, दरडोई १३५ लिटर, म्हणजे दिवसाला ८१० घनमीटर. २४ तासांची सरासरी काढली तर सेकंदाला ९.४ लिटर. केंद्राच्या पाणीपुरवठ्याच्या सीपीएचईईओ मॅन्युअलमध्ये ५० हजारांच्या आतल्या वस्तीला पीक फॅक्टर (गर्दीच्या वेळची मागणी सरासरीच्या किती पट) ३ आहे, त्यामुळे मॉडेलमध्ये सेकंदाला २८ लिटर गेलं. या प्रवाहाला तुमच्या २०० मिमी लाईनमध्ये, सी १४० धरून, ६०० मीटरला हेडलॉस (घर्षणात गमावलेला दाब) होतो २.३ मीटर. पाण्याचा वेग सेकंदाला ०.९ मीटर. सगळं कसं छान! म्हणूनच शेवटी ११ मीटर उरतात.

पण हा पीक फॅक्टर २४ तास पाणी असलेल्या गावासाठी आहे. तुम्हाला तेच ८१० घनमीटर दोन तासांत द्यायचे आहेत, म्हणजे सेकंदाला ११२ लिटर. पीक फॅक्टर ३ राहिला नाही, १२ झाला. हेडलॉसच्या हेझन-विल्यम्स सूत्रात प्रवाहाचा घात १.८५२ असल्यामुळे प्रवाह चौपट झाला की हेडलॉस १३ पट होतो. २.३ चे ३० मीटर झाले, आणि टाकी आहे १५ मीटरवर. सहकाऱ्याचं ऐकून तुम्हाला उणे ४० दिसले ते इथून. उणे ४० मीटर दाब निसर्गात नसतो; उणे १० च्या आसपास पोकळीच तयार होते. तो आकडा म्हणजे मॉडेल सांगतंय, ‘एवढं पाणी या पाईपमधून जाणार नाही.’ पण मग किती जाईल आणि कुणाचं तुटेल, ते त्या आकड्यावरून कळत नाही.

खरा प्रवाह या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी आहे. तो मोजायला फ्लो मीटर लागतोच असं नाही, टाकीच पुरते. टाकीची इनलेट बंद करा, पाणी सोडा आणि दर १० मिनिटांनी पातळी लिहा. समजा टाकीचा आतला व्यास १२ मीटर आहे, म्हणजे क्षेत्रफळ ११३ चौरस मीटर. ९० मिनिटांत पातळी ३ मीटर उतरली, तर ३३९ घनमीटर गेले, म्हणजे सेकंदाला ६२.८ लिटर. अशा झोनमध्ये असा आकडा निघाला तर मला नवल वाटणार नाही. त्या प्रवाहाला मुख्य लाईनचा हेडलॉस १०.२ मीटर होतो.

आता तुमच्या सी ६० कडे या. सेकंदाला २८ लिटर ठेवून १०.२ मीटर हेडलॉस आणायचा, तर सी किती लागेल? ६३. म्हणजे गेजशी आकडा जुळला तो योगायोग होता: प्रवाह सव्वादोन पट कमी धरलेला आणि पाईप सव्वादोन पट खराब ठरवलेला, दोन चुका एकमेकींना झाकत होत्या. आतून सिमेंट अस्तर असलेल्या डीआय पाईपचा सी ६३ होत नाही. गंजून आत गाठी धरलेल्या जुन्या बिडाच्या पाईपला तो शोभतो. या मॉडेलवरून प्रस्ताव गेला, तर चांगली लाईन उखडून नवीन टाकायचा खर्च होईल आणि शेवटची गल्ली कोरडीच राहील. म्हणून माझा नियम आहे: प्रवाह मोजल्याशिवाय सीला हात लावायचा नाही. सी ही फार लवचिक संख्या आहे, तिच्यात दुसऱ्या कुणाचीही चूक लपते.

एवढ्यावर एक इशारा. पुढचं सगळं करण्याआधी मॉडेलच्या साध्या गोष्टी तपासा, कारण दाब इतका कमी असताना छोटी चूकही मोठी ठरते. टाकीची पातळी टाकताना स्टेजिंगची (टाकीखालच्या खांबांची) उंची आणि जमिनीची समुद्रसपाटीपासूनची उंची यांची बेरीज झालीय ना? नोडच्या उंच्या उपग्रहाच्या नकाशावरून घेतल्या असतील तर त्यात काही मीटरची चूक सहज असते. हातात एकूण १५ मीटर असताना ५ मीटरची चूक म्हणजे उत्तरच चुकलं. ऑटो लेव्हल (उंची मोजायचं उपकरण) घेऊन मुख्य चौक तरी फिरा. एचडीपीई पाईपचा आकार बाहेरच्या व्यासावर सांगतात: ११० मिमीच्या पाईपची भिंत साडेसहा मिमीच्या आसपास असेल तर आतून तो ९७ मिमीचाच आहे, आणि ११० टाकल्यामुळे हेडलॉस जवळपास निम्मा दिसतो. आणि व्हॉल्व्ह. कुठला किती आट्यांवर उघडा आहे हे नकाशात नसतं, चावीवाल्याला माहीत असतं. त्याच्याबरोबर एक सकाळ काढा.

आता मुख्य बदल, म्हणजे दाबावर अवलंबून मागणी. ही कल्पना नवी नाही. नागपूरच्या विश्वेश्वरय्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयातले प्रा. पी. आर. भावे यांनी १९८१ मध्येच नोड फ्लो अ‍ॅनालिसिस मांडलं होतं: दाब कमी पडणाऱ्या जाळ्यात प्रत्येक नोडला प्रत्यक्षात किती पाणी मिळेल ते काढण्याची पद्धत. इपॅनेटमध्ये ही सोय २०२० च्या २.२ आवृत्तीत आली. हायड्रॉलिक्सच्या पर्यायांत डिमांड मॉडेल ‘डीडीए’ (मागणी ठरलेली) असतं, ते ‘पीडीए’ (मागणी दाबावर अवलंबून) करायचं. तिथे तीन आकडे लागतात: किमान दाब, आवश्यक दाब आणि घातांक. किमान दाबाच्या खाली नोडला काहीच मिळत नाही, आवश्यक दाबाला मागणी पूर्ण मिळते, मधे घातांकाप्रमाणे वाढ होते. घातांक ०.५ ठेवा. आवश्यक दाब मात्र आपोआप ०.१ वर असतो. तो तसाच राहिला तर पीडीए चालू असूनही उत्तर जवळपास जुनंच येतं. पुष्कळ जण इथेच फसतात.

आणखी एक खोच आहे. पीडीएमध्ये आवश्यक दाबाच्या वर गेलं तरी नोड लिहिलेल्या मागणीपेक्षा जास्त घेत नाही. तुमच्या गावातली खरी अडचण तर हीच आहे, की टाकीजवळची घरं वाट्यापेक्षा कितीतरी जास्त घेतात. म्हणून मूळ मागणीच्या रकान्यात दरडोई १३५ वरून काढलेला आकडा घालू नका. तिथे उघड्या नळाचा प्रवाह घाला.

तो असा काढायचा. एका घरी नळ पूर्ण सोडा, २० लिटरची बादली किती सेकंदांत भरते ते पाहा. त्याच वेळी त्याच फेरूलवरच्या (वाहिनीला घरची जोडणी जिथे जोडतात त्या तोटीवरच्या) किंवा लगतच्या दुसऱ्या नळाला गेज लावून दाब बघा. गेज ० ते २.५ किलोचा (दर चौरस सेंटिमीटरला) घ्या. १० किलोच्या गेजवर अर्धा किलो नीट वाचताच येत नाही. समजा दाब ०.४ किलो, म्हणजे ४ मीटर, आणि बादली ८० सेकंदांत भरली. प्रवाह सेकंदाला ०.२५ लिटर. त्याला ४ च्या वर्गमुळाने भागा: गुणांक ०.१२५. अशी दहा-बारा घरं करा, वेगवेगळ्या गल्ल्यांतली, जुन्या जीआय जोडणीची आणि नव्याही, आणि मधला आकडा घ्या.

नोडवर ३० जोडण्या असतील तर गुणांक ३.७५. हा सरळ एमिटर (इपॅनेटमधलं दाबानुसार पाणी सोडणारं तोंड) म्हणून टाकता येतो, पण एमिटरला ऋण दाब मिळाला की तो उलटं पाणी जाळ्यात ढकलतो आणि उंचावरची गल्ली सगळ्यांना पाणी पुरवू लागते. मी त्याऐवजी पीडीएच वापरतो: आवश्यक दाब झोनमध्ये कुठेही येणार नाही इतका, समजा २० मीटर, ठेवायचा आणि मूळ मागणी म्हणून २० मीटरला उघड्या नळांतून जेवढं येईल तेवढं लिहायचं. ३.७५ गुणिले २० चं वर्गमूळ, म्हणजे सेकंदाला १६.८ लिटर. आकडा अवाढव्य वाटेल, पण तो कधीच पूर्ण मिळणार नाही. खालच्या सगळ्या दाबांना वक्र एमिटरसारखाच चालतो, आणि उलट प्रवाह होत नाही.

एक तपासणी म्हणून बघा: १,२०० जोडण्यांना सगळीकडे ४ मीटर दाब ठेवायचा, तर सेकंदाला ३०० लिटर लागतील. टाकीतून निघतात ६३. उरलेलं कुणाचं तरी तुटणारच, आणि तुटतं ते नेहमी शेवटच्यांचं.

इथपर्यंत केलंत की पाणी सोडल्यानंतरच्या पहिल्या भागाचं चित्र मिळतं. पूर्ण दोन तासांचं हवं असेल तर घरच्या टाक्या धराव्या लागतात, कारण भरलेली टाकी पाणी घेणं थांबवते. पाच जणांच्या घराचे ६७५ लिटर ०.२५ च्या प्रवाहाने ४५ मिनिटांत भरतात. टाकीला बॉल व्हॉल्व्ह असेल तर ४५ मिनिटांनी ते घर बंद होतं आणि त्याचा दाब पुढे सरकतो. बॉल व्हॉल्व्ह नसेल तर पाणी गटारात जातं आणि मागच्या गल्लीला कधीच पोचत नाही. तुमच्या झोनमध्ये दोन्हींचं प्रमाण काय, हे घरोघरी पाहिल्याशिवाय कळणार नाही, आणि उत्तर त्यावर खूप अवलंबून आहे.

मॉडेलमध्ये हे असं करतो: नोडवरची पीडीए मागणी काढून टाकायची आणि तिथून १ मीटर लांबीच्या, १०० मिमी व्यासाच्या, चेक व्हॉल्व्ह असलेल्या पाईपने एक टाकी जोडायची. ३० घरं आणि प्रत्येकी १,००० लिटर, तर टाकी ३० घनमीटरची. ती बसकी ठेवा, खोली १ मीटर आणि व्यास ६.१८ मीटर, नाहीतर टाकी भरेल तसा तिचाच दाब वाढून प्रवाह कमी दिसेल. खऱ्या घरात पाणी वरून पडतं, त्यामुळे प्रवाह असा कमी होत नाही. जोडणीचा अडथळा किरकोळ हानीच्या गुणांकात घालायचा. ३० घरांना ४ मीटरला ७.५ लिटर यायला हवेत. १०० मिमी पाईपमध्ये त्यासाठी गुणांक ८६ येतो. टाकीची तळपातळी म्हणजे पाणी प्रत्यक्ष जिथे पडतं ती पातळी. गच्चीवरची टाकी आणि अंगणातली भूमिगत टाकी यात सहा-सात मीटरचा फरक आहे. शेवटच्या गल्ल्यांत तर लोक खड्डा खणून नळ जमिनीखाली उतरवतात. तिथे पातळी जमिनीपेक्षा एक मीटर खाली टाका. थेट लाईनवर मोटार लावणारे असतील तर ती पातळी आणखी दोन-तीन मीटर उतरवून पाहा, म्हणजे एका मोटारीने शेजारची किती घरं कोरडी होतात ते दिसेल. इपॅनेटमध्ये भरलेल्या टाकीचा मार्ग आपोआप बंद होतो, म्हणजे बॉल व्हॉल्व्ह गृहीतच आहे. ज्या घरांचं पाणी वाहून जातं त्यांची मागणी नोडवर पीडीएनेच ठेवा.

वेळेची पायरी १ तासाची नको, १ मिनिटाची ठेवा. ‘सिस्टीम अनबॅलन्स्ड’ असा इशारा यायला लागला तर प्रयत्नांची संख्या २०० करा, आणि तरी थांबला नाही तर टाक्या कमी करा, शेजारचे दोन-तीन नोड एकत्र करून. घराघराला टाकी लावायचा हट्ट धरू नका.

एक गोष्ट इपॅनेट करू शकत नाही, ती आधीच मान्य करून ठेवा. त्याच्या लेखी पाईप कायम भरलेले असतात. तुमचे पाईप रोज बावीस तास रिकामे होत असतात, निदान उंचावरचे. ८ किलोमीटर, सरासरी १०० मिमी धरलं तर आत ६३ घनमीटर मावतात. सेकंदाला ६३ लिटरने ते भरायलाच १७ मिनिटं लागतात, आणि हवा बाहेर पडायला एअर व्हॉल्व्ह नसेल तर आणखी. तेवढा वेळ शेवटच्या गल्लीच्या नळातून फक्त हवाच येते. म्हणून मॉडेलची मोजमापांशी तुलना पहिली २० मिनिटं सोडून करा. भरण्याचा काळच अभ्यासायचा असेल तर काही जण पावसाच्या पाण्यासाठीचं एसडब्ल्यूएमएम हे सॉफ्टवेअर वापरतात, कारण अर्धा भरलेला पाईप त्याला कळतो. तुमच्या आत्ताच्या कामाला त्याची गरज नाही.

जुळवणी करताना क्रम असा ठेवा. पहिली जुळवायची ती टाकीची पातळी, कारण तीत सगळा प्रवाह येतो. मॉडेलमधून दोन तासांत निघालेलं पाणी मोजलेल्या पाण्याच्या १० टक्क्यांच्या आत येईपर्यंत नळाचे गुणांक आणि व्हॉल्व्ह पाहा. मग मुख्य लाईनच्या शेवटाला, मधल्या एका चौकात आणि दोन शेवटच्या गल्ल्यांत दाब जुळवा, पाणी सोडल्यावर ३०, ६० आणि ९० मिनिटांनी. एकच क्षण जुळणं पुरेसं नाही. एखाद्या ठिकाणी अचानक तीन-चार मीटर जास्त हेडलॉस निघत असेल तर पाईपचा सी बदलण्याआधी तिथला व्हॉल्व्ह पूर्ण उघडा आहे का ते बघा. बहुतेकदा तोच सापडतो. सी शेवटी, आणि तोही पाईपच्या वयाला शोभेल एवढाच.

मॉडेल जुळलं की दाबाचा नकाशा बाजूला ठेवा. प्रत्येक नोडला दोन तासांत मिळालेले लिटर भागिले त्या नोडची गरज, या गुणोत्तराचा नकाशा काढा. नगरसेवकालाही तो एका नजरेत कळतो: टाकीजवळ २, शेवटी ०.

मग उपाय तपासा. टाकीजवळच्या शाखांवर थ्रॉटल व्हॉल्व्ह टाकून हानी वाढवत न्या आणि शेवटचं गुणोत्तर किती चढतं ते पाहा. प्रत्यक्षात हे स्लुइस व्हॉल्व्ह अर्धवट ठेवून करू नका; महिनोन्‌महिने अर्धा उघडा राहिला की त्याची गेट आणि बैठक झिजते आणि मग तो कधीच पूर्ण बंद होत नाही. फ्लँजमध्ये ओरिफिस प्लेट (मधे भोक असलेली चकती) बसवणं स्वस्त आणि कायमचं आहे, आणि चावी फिरवून ती कुणाला बदलता येत नाही. दुसरा उपाय झोनचे दोन भाग करून आधी शेवटच्या भागाला एक तास देण्याचा. हाही मॉडेलमध्ये नियमांनी व्हॉल्व्ह उघड-बंद करून तपासता येतो. पण प्रत्येक वेळी पाईप भरण्यात जाणारी मिनिटं हाताने वजा करा, नाहीतर कागदावर तो उपाय आहे त्याहून चांगला दिसेल.

या उपायांनी वाटणी सुधारते, एकूण पाणी वाढत नाही. सेकंदाला ६२.८ लिटरने दोन तासांत ४५२ घनमीटर जातात. अगदी समान वाटले तरी माणशी ७५ लिटर, आणि त्यातून गळती वजा. पूर्ण ८१० द्यायचे तर याच लाईनमधून साडेतीन तासांहून थोडा जास्त पुरवठा लागेल, पाईप न बदलता. तेवढं पाणी टाकीपर्यंत येतं का, हे शुद्धीकरण केंद्राच्या नोंदवहीतून आधी काढा. येत असेल तर तुमचं काम वेळापत्रक आणि ओरिफिस प्लेट एवढंच आहे. येत नसेल तर २०० च्या जागी २५० मिमी टाकूनही टाकीच लवकर रिकामी होईल, आणि पहिल्या गल्लीचं गुणोत्तर २ वरून ३ वर जाईल.

टाकीच्या पातळीची दहा-दहा मिनिटांची नोंद आणि चार ठिकाणचे दाब इथे टाका. झोनमध्ये जुन्या बिडाच्या शाखा असतील तर त्यांचा सी किती धरायचा ते त्यावरून पाहता येईल.